अनुभव धागा: शेवटचा फ्रॉस्ट आणि तुमची हर्ब्ज

जिथे रात्री दंव गोठतं तिथे बाग करणाऱ्यांनो, हर्ब्ज कधी लावता, काय फसलं, काय जमलं, सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. शेवटच्या फ्रॉस्टची, म्हणजे हिवाळा सरताना दंव शेवटचं गोठण्याची, तारीख उलटली आणि मी सगळी रोपं बाहेर लावली. ती तारीख अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असतो, त्यानंतरही दंव गोठू शकतं, हे ध्यानातच आलं नाही. आठवड्याभरात एका निरभ्र, वारा पडलेल्या रात्री बेसिलची बारा रोपं गेली. सकाळी पानं उकडल्यासारखी काळी, लिबलिबीत. चिमटीत धरली की पाणी सुटायचं. शेजारच्या थाईमला मात्र काहीही झालं नव्हतं. फार वाईट वाटलं.

*

बेसिलसाठी मी तारखेवर विसंबत नाही. रात्रीचं तापमान आठवडाभर १० अंशांच्या वर राहिलं की मगच जमिनीत लावतो. बिया त्या तारखेच्या सहा आठवडे आधी घरात, खिडकीशी. बाहेर नेताना पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवस. एकदा घाई केली तर उन्हानेच पानं पांढरी पडली.

*

कोथिंबिरीचं बरोबर उलटं! तिला हलकं दंव सोसतं, उकाडा सोसत नाही. उशीर झाला की लगेच फुलावर येते. मी तारखेच्या तीन आठवडे आधीच धणे रगडून थेट वाफ्यात पेरते. शेपूही तसाच, रोप हलवलेलं त्याला मानवत नाही. पार्सली उगवायला तीन-चार आठवडे सहज घेते, धीर सोडू नका.

*

आमची बाग उतारावर आहे. थंड हवा जड, ती खालच्या कोपऱ्यात साचते. दोन थर्मामीटर लावले तेव्हा कळलं, पहाटे वर आणि खाली दोन अंशांचा फरक! आता पुदिना खाली, बेसिल वर भिंतीलगत.

*

शरदातलंही लिहा कुणीतरी. अंदाज ३ अंशांचा होता, तरी पानांवर पांढरा थर आला. हवेचं तापमान माणसाच्या उंचीच्या आसपास मोजतात, निरभ्र रात्री जमिनीलगतची पानं त्याहून गार होतात. तेव्हापासून ऊन उतरायच्या आत काठ्या रोवून जुनी चादर जमिनीला टेकेल अशी टाकतो. प्लास्टिक टाकलं होतं तेव्हा जिथे ते पानाला चिकटलं, तेवढं पान मेलं. रोझमेरी कुंडीत ठेवणारे ती आत कधी घेता?