घरचा बर्गर, घरची कापं : तुमचेही अनुभव सांगा

रत्नागिरी

मुलगा नववीत आहे. आठवड्यातून एकदा तरी क्लासहून येताना मित्रांबरोबर बर्गर आणि फ्राईज खाऊन यायचा आणि रात्री भाकरीला हात लावायचा नाही. मे महिन्यात यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी सगळ्या घराचंच मीठ कमी करायला सांगितलं : माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. त्यात लोणचं, पापड, पाव, सगळं आलं. तेव्हापासून रविवारी बर्गर घरीच करते.

सगळ्यात जास्त दिवस बटाट्याने घेतले. पहिल्यांदा चिरून, तेल चोळून सरळ ओव्हनमध्ये ठेवले, तर बाहेरून चामट आणि आतून कच्चट. आता बोटाएवढे तुकडे अर्धा तास पाण्यात ठेवते, म्हणजे वरचं पीठ निघून जातं. मग उकळत्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून चार-पाच मिनिटं उकडते. आंबटपणामुळे तुकडे मोडत नाहीत. पंचावर पसरून अगदी कोरडे करायचे, ही पायरी टाळली तर सगळं फुकट. मग चार बटाट्यांना दोन चमचे तेल, चमचाभर तांदळाचं पीठ, आणि २०० अंशांवर अर्धा-पाऊण तास, मध्ये एकदा उलटून. मीठ शेवटी, वरून चिमूटभर. जिभेला ते आधी लागतं, त्यामुळे कमी पुरतं.

पॅटिसचं मात्र अजून जमत नाही. गाजर, बीट, दुधी किसून घातलं की पाणी सुटतं, आणि मुलगा पहिल्या घासाला ओळखतो. तुम्ही काय करता? जमलेलं लिहा, फसलेलं तर नक्की लिहा.

मालवण

ताई, भाज्या लपवू नका. माझ्या मुलींनी दुधी ओळखला त्या दिवसापासून दोन महिने माझ्या हातच्या पॅटिसवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांना काय आवडतं तेच विचारलं, तर धाकटी म्हणाली, काळ्या वाटाण्याची उसळ.

रात्रभर भिजवलेले काळे वाटाणे कुकरला मऊ शिजवले आणि पाणी पूर्ण निथळलं. ते पाणी टाकू नका, सार करा. वाटाणे भरड ठेचले, त्यात भाजलेला कांदा-खोबऱ्याचा गोळा, थोडा मालवणी मसाला, आणि बांधायला भिजवून पिळलेले पोहे. बिडाच्या तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस. मोडत नाहीत, फक्त थापल्यावर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

आणि बन नाहीच. आंबोळीचं पीठ जरा घट्ट ठेवून छोट्या, जाड आंबोळ्या घातल्या. दोन आंबोळ्या, मध्ये पॅटिस, कांदा, काकडी, हिरवी चटणी. सासूबाईंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "ह्यां तर आपलांच जेवाण गो!" खरंच, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ आम्ही पिढ्यान्पिढ्या खातोय. मुलींना हातात धरून खाता आलं, एवढाच फरक.

वेंगुर्ले

फ्राईजसाठी बटाटाच कशाला? नीरफणस आणा. साल आणि मधला दांडा काढून लांब कापा, हळद-तिखट आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, लावा, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परता. बटाट्याच्या फ्राईज गार झाल्या की मरगळतात, ही कापं तशी होत नाहीत. सुरणही चालतो, पण आमसुलाच्या पाण्यात उकडल्याशिवाय नको, घसा खाजेल.

दापोली

मी निवृत्त शिक्षिका. नातवासाठी नाचणीचे बन करायला घेतले, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तो दूध पीत नाही. पहिले बन फक्त नाचणीचे केले आणि ते फुगलेच नाहीत. नाचणीत ग्लुटेन नसतं, यीस्टचा वायू धरून ठेवायला पिठात काही उरत नाही. आता एक वाटी नाचणीची आधी उकड काढते, गार झाल्यावर तीन वाट्या कणीक, यीस्ट आणि थोडं दही घालून पंधरा मिनिटं मळते. पावसाळ्यात हवा दमट, तेव्हा पाणी हात राखून घाला. रंग काळपट येतो. नातू पहिल्यांदा नको म्हणाला. पुढच्या वेळी त्यालाच मळायला बसवलं, तेव्हा दोन खाल्ले.

देवगड

मला मधुमेह आहे, म्हणून कळकळीने लिहितो. बटाट्याऐवजी रताळी घेतली म्हणजे कितीही खावीत असं मी सहा महिने धरून चाललो होतो. तंतू आणि अ जीवनसत्त्व मिळतं हे खरं, पण पिष्ट आहेच. जेवणानंतरची साखर घरीच मोजली तेव्हा डोळे उघडले. आता मूठभर कापं, सोबत काकडीची कोशिंबीर, आणि बर्गरला वरचा पाव नाही.

अलिबाग

आमच्याकडे सुरमईचा. मधला काटा काढला की काम संपलं. बांगडा चवीला आणि तब्येतीला उत्तम, पण बारीक काटे राहतात, लहान मुलांना देताना बोटांनी दोनदा चाचपा. मासा उकडू नका, वाफवा, नाहीतर पॅटिस पाणचट होतं. आलं, मिरची, कोथिंबीर, लिंबू, एक उकडलेला बटाटा. मेयोनीजऐवजी टांगलेल्या दह्यात लसूण आणि मोहरीची पूड. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, भिजवून, वाटून घालते. खारवलेली मासळी मात्र नको, रत्नागिरीच्या ताईंचं मिठाचं गणित तिथेच कोसळेल.

चिपळूण

भाची अन्नतंत्रज्ञान शिकते, तिने एक गोष्ट सांगितली. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर भाजला किंवा तळला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं, त्याने कॅन्सरचा धोका वाढत असावा असा संशय आहे. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी हे पुढे आणलं. ओव्हन असो की एअर फ्रायर, सुटका नाही. बटाटा आधी पाण्यात ठेवल्याने ते कमी होतं, आणि सोनेरी रंगावर थांबायचं. मी कुरकुरीतपणासाठी तपकिरी करत होते, ते बंद केलं.

रत्नागिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काळे वाटाणे भिजत घातले आणि मुलाला आधीच सांगितलं, आत काय काय आहे ते. पोहे जरा जास्त पडले, पॅटिस थोडं कोरडं झालं, पण एकही मोडलं नाही. त्याने तीन खाल्ले, यांनी दोन. आंबोळ्या मात्र माझ्या पातळ झाल्या, दुमडून खाव्या लागल्या. मालवणच्या ताई, जाड आंबोळीला तांदूळ-उडदाचं प्रमाण किती घेता, आणि झाकण ठेवता का?