बेब बाकहॉइसवर अन्याय झाला का?

मैदानवेडा
नेदरलँड्सकडून २३ सामन्यांत २८ गोल. डच फुटबॉलचा सर्वांत गाजलेला खेळाडू योहान क्रॉयफचे ४८ सामन्यांत ३३ आहेत, म्हणजे नुसती सरासरी बघितली तर बेब बाकहॉइस त्याच्या कितीतरी पुढे. १९३४ मध्ये ॲमस्टरडॅमला बेल्जियमविरुद्ध जमिनीला समांतर झेपावून त्याने हेडरने केलेला गोल डच फुटबॉलमध्ये दंतकथा झाला. असा माणूस १९३७ मध्ये फ्रान्सच्या मेत्झ क्लबकडे पगारी खेळाडू म्हणून गेला आणि राष्ट्रीय संघातून कायमचा बाद झाला. वय २८. डच फुटबॉल संघटना केएनव्हीबीला फक्त हौशी खेळाडू चालायचे. पुढच्याच वर्षीचा विश्वचषक फ्रान्समध्ये. तिथल्या ल आव्र शहरात डच संघ चेकोस्लोव्हाकियासमोर ९० मिनिटं ०-०, मग जादा वेळेत तीन गोल खाऊन घरी. संघटनेने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, हे माझं मत.

नियमवाला
अन्याय कसला? नियम काल रात्री केला नव्हता. बाकहॉइसला तो तोंडपाठ असणार, तरी त्याने पैसे निवडले. निवडावेत, पण मग रडगाणं कशाला? आणि त्या २८ गोलांचं फार कौतुक नको. तुम्ही सांगताय तो बेल्जियमचा सामना ९-३ सुटला होता! त्याच वर्षी विश्वचषकात मिलानला स्वित्झर्लंडकडून २-३ हरलो, त्यात याचा गोल नाही. स्मिट आणि फेंटे या साथीदारांनी केले. (‘हरलो’ म्हणालो खरं, जसा काही मी डचच आहे.)

जुनी पानं
नियमवाले, नियम होता हे मान्य, पण तो कुणाच्या सोयीचा होता तेही बघा. १९०५ मध्ये अँटवर्पला नेदरलँड्सचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना झाला, बेल्जियमला ४-१ हरवलं, आणि चारही गोल एडी द नेव्हच्या नावावर आहेत. तो लष्करी अधिकारी. पगार फौजेचा, फुटबॉल हौसेचा. त्या पिढीतले बरेचसे असेच सुखवस्तू घरचे. बाहेरगावच्या सामन्यासाठी दोन दिवसांचा रोज बुडाला म्हणून त्यांची चूल थंड पडत नव्हती. त्यांना ‘पैसे नकोत’ म्हणणं सोपं होतं. १९३० च्या दशकात कारकून आणि कामगारही खेळत होते. नियम मात्र तोच!

आणि गंमत ऐका. त्याच काळात राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता बॉब ग्लेनडेनिंग, इंग्लंडचा माजी व्यावसायिक खेळाडू. बार्न्सली क्लबकडून १९१२ चा एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली क्लबांची मोठी स्पर्धा, जिंकलेला. म्हणजे शिकवणारा पगारी चालतो, शिकणारा नाही.

नियमवाला
ग्लेनडेनिंगचा मुद्दा चांगला आहे, पण प्रशिक्षक गोल करत नाही. शिवाय बाकहॉइसला गरीब बिचारा का करताय? जावावर पेकालोंगानला जन्म, पुढे हेगच्या एचबीएसकडून खेळला, आणि एचबीएस काही गिरणी कामगारांचा क्लब नव्हे. चूल थंड पडण्याची गोष्ट दुसऱ्या कुणाची असेल, याची नाही. त्याला चांगले पैसे हवे होते, इतकंच.

मैदानवेडा
हवे होते तर? गरिबाने मागितले तर न्याय आणि बाकीच्यांनी मागितले तर हाव, असं असतं का? फ्रान्समध्ये १९३२ पासून व्यावसायिक लीग उघडपणे चालू होती. शेजारी जे राजरोस चाललं होतं, तेच नेदरलँड्समध्ये पाप.

कट्ट्यावरची
दोघेही एकट्या बाकहॉइसवर अडलात. दुसरा डच खेळाडू फास विल्केसचं काय? १९४९ मध्ये इटलीच्या इंटर मिलान क्लबला पगारी म्हणून गेला, त्यालाही बंदी. नेदरलँड्समधल्या १९५३ च्या पुरानंतर परदेशात पगारी खेळणाऱ्या डच खेळाडूंनी पॅरिसमध्ये पूरग्रस्तांसाठी सामना खेळून फ्रान्सला २-१ हरवलं. हौशी संघ तेव्हा हरण्याचा रतीब घालत होता, त्यामुळे लोकांना फरक उघड दिसला. १९५४ मध्ये नेदरलँड्समध्ये व्यावसायिक फुटबॉल आलं आणि विल्केस पुन्हा देशासाठी खेळला. नियम इतका पवित्र होता तर एका पुराने कसा वाहून गेला?

नियमवाला
पुराने नाही, पराभवांनी. पण तो बदलला १९५४ मध्ये. १९३७ चा माणूस १९३७ च्याच नियमाने मोजायचा.

जुनी पानं
मोजा की. १९५४ मध्ये बाकहॉइस ४५ वर्षांचा होता, विल्केस ३१ चा. एकाला परत बोलावता आलं.