कॉर्न स्नेकची पिल्लं आणि जनुकांचं गणित: सुरुवात कुठून करू?

रेडिंगकर_वैनी
लेकीच्या हट्टापायी चार वर्षांपूर्वी घरात साप आला. सासूबाई तेव्हा इथे आल्या होत्या, त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. आता व्हिडिओ कॉलवर आधी "शेवंती जेवली का?" विचारतात, मग माझी चौकशी. शेवंती ही मादी कॉर्न स्नेक, गाजरासारखी केशरी, डोळे लाल, वजन ४१० ग्रॅम. मागच्या वर्षी नर आणला, करडा-काळा. त्याचं नाव राखुंडी, वय दोन वर्षं. विकणाऱ्याच्या भाषेत ती 'ॲमेल' आणि तो 'ॲनेरी'.

लेक तेरा वर्षांची आहे. तिचं म्हणणं, दोघांची पिल्लं पांढरी होतील, त्यांना 'स्नो' म्हणतात. मला वाटतं केशरी आणि करडा मिसळून मधलंच काहीतरी निघेल. जाहिरातींत 'हेट', '६६ टक्के पॉसिबल हेट' असलं काय काय लिहिलेलं असतं. शाळेत मेंडेलचे मटार पाठ केले होते, मार्कही मिळाले होते, समजलं काहीच नव्हतं. जोडी लावायच्या आधी शिकून घ्यायचंय. काय वाचू, कोणतं ॲप घेऊ, कोणत्या क्रमाने?

चिमटा_नको_हुक
पुण्यातून लिहितोय. इथे देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे आमचा अनुभव पकडून सोडण्यापुरता. पण तुमचा कॉर्न आपल्याकडच्या तस्कर सापाच्या फार जवळचा वाटतो. जुन्या वर्गीकरणात दोघेही 'एलाफे' या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) होते, जाती मात्र वेगळ्या. जनुकांबद्दल जाणकार सांगतीलच. वाचनखूण साठवतोय.

रालेची_अंडी
वैनी, मी नॉर्थ कॅरोलिनात असतो. इथे कॉर्न स्नेक रानातलाच, शेजाऱ्याच्या कोठारात उंदरांमागे येतो. अकरा वर्षं पाळतोय, त्यातली पहिली तीन चुकांत गेली.

ॲप राहू द्या. चौकटीची वही आणि पेन्सिल घ्या. आणि मिसळणं हा शब्द डोक्यातून काढा, हे रंगपेटीतले रंग नव्हेत. रानातल्या कॉर्नकडे काळं रंगद्रव्य असतं आणि लाल-केशरीही असतं. शेवंतीला काळं बनवता येत नाही, म्हणून ती केशरी. राखुंडीला लाल बनवता येत नाही, म्हणून तो करडा. दोन वेगळ्या पाककृतींत एकेक ओळ खोडलेली आहे असं समजा.

प्रत्येक पाककृतीच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. ॲमेल आणि ॲनेरी दोन्ही अप्रभावी, म्हणजे एक जरी प्रत धड असली तरी भागतं, साप नेहमीसारखा विटकरी-तपकिरी दिसतो. बिघडलेली प्रत एकच असेल तर तो 'हेट'. दिसत काही नाही, पोटात असतं. बेक्टेल दांपत्याने पाळलेल्या सापांची पैदास करून ॲमेलचं हे वागणं १९६२ सालीच छापून दाखवलं होतं. पुढे २०१५ साली जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांना बिघाड नेमका कुठे आहे तेही सापडलं, ओसीए-टू या जनुकात. माणसातल्या एका प्रकारच्या वर्णहीनतेमागेही हेच जनुक असतं.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही म्हणून पुस्तकातली पद्धत इथे चालत नाही. मी धड प्रतीला '+' लिहितो. काळं गेलेल्या प्रतीला 'क', लाल गेलेल्या प्रतीला 'ल'. तर मग

शेवंती: क क, + +
राखुंडी: + +, ल ल

पिल्लाला प्रत्येक जोडीतली एकच प्रत आईकडून मिळते आणि एकच बापाकडून. शेवंतीकडे द्यायला फक्त 'क' आणि '+', राखुंडीकडे फक्त '+' आणि 'ल'. म्हणून प्रत्येक पिल्लू: + क, + ल. शेवंती किंवा राखुंडी छुपं काही बाळगून नसतील तर सगळी पिल्लं साधी दिसणार. तुमचं मधलं काहीतरी नाही आणि लेकीचे स्नोही नाहीत. हे एकदा स्वतःच्या हाताने लिहून काढा, वाचून डोक्यात शिरत नाही.

रेडिंगकर_वैनी
सगळी साधी?! लेकीचं तोंड एवढंसं झालंय.

कोष्टकवाला
वही कशाला? मॉर्फमार्केट या साप विकण्या-घेण्याच्या साइटवर फुकट कॅल्क्युलेटर आहे. आई टाका, बाप टाका, यादी समोर.

रालेची_अंडी
@कोष्टकवाला, मीही तेच करायचो, आणि तिथेच आपटलो. दोन करडे साप घेतले होते, दोन्ही 'ॲनेरी' म्हणून विकलेले. कॅल्क्युलेटर म्हणाला, सगळी पिल्लं ॲनेरी. तेरा अंडी झाली. साठाव्या दिवशी पहिल्या अंड्याला चीर पडली, अंडी ज्यात ठेवतात त्या ओल्या व्हर्मिक्युलाइटचा वास, आणि चिरेतून पेन्सिलच्या टोकाएवढं नाक बाहेर. विटकरी! मग दुसरं, तिसरं. दोन राखाडी आईबापांच्या पोटी तेराच्या तेरा विटकरी पिल्लं. बायकोने संशयाने मादीकडे पाहिलं.

खरी गोष्ट अशी की त्यातला नर चारकोल होता. चारकोलही करडाच दिसतो, पण ते जनुक वेगळं. एकाची उणीव दुसऱ्याच्या धड प्रतीने भरून काढली आणि पिल्लांत लाल परत आलं. मोठ्या ॲनेरीच्या गळ्याखाली बहुधा पिवळट छटा येते, चारकोलला सहसा नाही. माझ्या नराचा गळा स्वच्छ करडा होता, मी रोज बघत होतो आणि मला कळलं नाही. कॅल्क्युलेटरला काय, तुम्ही सांगाल ते तो खरं मानतो. तर वैनी, राखुंडीचा गळा बघा.

रेडिंगकर_वैनी
बघितला. हनुवटीपासून खाली हळद लागल्यासारखं दिसतंय. सुटले!

मग काल लेकीने वही घेतली. तिचं म्हणणं, यांची पिल्लं मोठी झाली की भाऊ-बहिणीची जोडी लावायची (मला कसंतरीच वाटलं). दोघंही + क, + ल. चार बाय चारची चौकट भरली, सोळा घरं, त्यात स्नो (क क, ल ल) एक. म्हणजे सोळा अंड्यांत एक स्नो नक्की. बरोबर?

रालेची_अंडी
चौकट बरोबर, 'नक्की' चूक. प्रत्येक अंडं स्वतंत्र फासा टाकतं, शेजारच्या अंड्यात काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. सोळा अंड्यांत एकही स्नो नसण्याची शक्यता साधारण ३६ टक्के आहे. (१५/१६ ला स्वतःशी सोळा वेळा गुणायला सांगा.)

सोळा घरं भरायचीही गरज नाही. दोन प्रश्न वेगळे सोडवायचे. क क मिळण्याची शक्यता पाव, ल ल मिळण्याची पाव, गुणाकार एक-सोळांश. तीन जनुकं असतील तर चौसष्ट घरांत रात्र जाते, ही युक्ती एका ओळीत संपते.

आणि ६६ टक्क्यांचं कोडं याच चौकटीत आहे. फक्त क चा विचार करा. चारातलं एक घर क क, ते डोळ्यांना दिसतंच, त्याला बाजूला काढा. उरलेल्या तीन घरांत दोन हेट, एक पूर्ण धड, आणि तिन्ही दिसायला सारखी. तीनात दोन म्हणजे ६६ टक्के. साप ६६ टक्के हेट नसतो, तो असतो किंवा नसतो. टक्के आपल्या अज्ञानाचे. खात्री करायची तर ॲमेलशी जोडी लावून बघायची. दहा अंड्यांत एकही ॲमेल नाही निघालं, तर तो हेट असून असं घडण्याची शक्यता १०२४ त एक.

स्नोच हवा असेल तर भाऊ-बहीण करण्यापेक्षा घरच्या पिल्लाला बाहेरचा स्नो जोडा. मग चारात एक स्नो. आणि खरं सांगू? एक स्नो पिल्लू विकत घ्या.

चिमटा_नको_हुक
सगळे रंग असेच अप्रभावी असतात का?

रालेची_अंडी
बहुतेक, पण टेसेरा या नक्षीला एकच प्रत पुरते. मॉटली आणि स्ट्राइप या नक्ष्या एकाच जनुकाच्या दोन आवृत्त्या, तिथे ॲनेरी-चारकोलसारखी एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. ओकीटी हे तर एकच एक जनुक नव्हेच, साउथ कॅरोलिनातल्या त्या भागातल्या देखण्या सापांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आलेला वाण. आणि 'सनकिस्ड' प्रकारचा साप घेताना त्यात 'स्टारगेझर' आहे का ते विचारायचंच. तेही अप्रभावी, पण रंगाचं नाही, तोल जाण्याचं. पिल्लू मान उलटी करून आकाशाकडे बघत राहतं. बघवत नाही.

लेकीला एक गंमत सांगा: कॉर्न स्नेकमध्ये मुलगा की मुलगी हे आई ठरवते. दोन वेगळी लिंगगुणसूत्रं मादीकडे असतात.

शेवंतीचं वय-वजन ठीक आहे, आमच्यात तीन वर्षं, तीन फूट, तीनशे ग्रॅम हा ठोकताळा चालतो. पण पंधरा साधी पिल्लं, पंधरा डबे, प्रत्येकाला पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू), त्यातली दोन-तीन खाणार नाहीत. ती कोण नेणार ते अंड्यांच्या आधी ठरवा. साध्यांना गिऱ्हाईक कमी असतं. पाटीवर 'हेट ॲमेल, हेट ॲनेरी' लिहायला विसरू नका, त्यांची सगळी किंमत तेवढ्यात आहे.

रेडिंगकर_वैनी
यंदा जोडी लावत नाही. राखुंडी अजून १९० ग्रॅमचाच आहे आणि मला पंधरा डबे ठेवायला जागा नाही. वही मात्र चालू आहे, लेक आता तीन जनुकांवर आलीये.

काल सासूबाईंना सगळं समजावत होते. हेट वगैरे सांगून मी थकले. त्या म्हणाल्या, "म्हणजे आजीचा रंग लेकरांत दडणार आणि नातवंडांत निघणार. तुझ्या नवऱ्याचे घारे डोळे आले कुठून मग?"