मदत हवी आहे: पावसाळ्यात सातेरीची वसाहत पेटी सोडून जाऊ नये म्हणून काय करावे?

आमच्या संगमेश्वर तालुक्यातील घराच्या परसात, फणसाच्या सावलीत, सातेरी मधमाश्यांची एक पेटी आहे. काजूला मोहोर आला होता तेव्हा जुन्या पडवीच्या भिंतीतील पोकळीतून ही वसाहत पेटीत आणली. जांभूळ आणि करंज फुलून जाईपर्यंत तिने खालच्या कोठीतील बहुतेक चौकटी भरून काढल्या असून वरच्या कोठीतही मध साठवला आहे. आता मृग जवळ आला आहे. शक्य तितकी कमी ढवळाढवळ करून ही वसाहत सप्टेंबरपर्यंत टिकवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी कोकणात किंवा घाटमाथ्यावर सातेरी पाळलेल्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझी समजूत आधी मांडते. ती चुकत असेल तर कृपया दुरुस्त करावी. भरभराटीच्या काळात वसाहतीची विभागणी होते तेव्हा जुनी राणी बऱ्याचशा माश्या घेऊन निघते, पण मागे राणीकोष आणि उरलेल्या माश्या राहतात व पेटी चालू राहते. अन्न तुटल्यामुळे, मुंग्या वा मेणकिडा मातल्यामुळे किंवा पेटी वारंवार उघडल्यामुळे वसाहत निघून जाते तेव्हा मात्र मागे रिकाम्या पोळ्यांखेरीज काही उरत नाही. सातेरीमध्ये ही प्रवृत्ती युरोपीय मेलिफेरा माशीपेक्षा बरीच अधिक आहे.

या निघून जाण्याची तयारी पोळ्यात आधीच दिसू लागते. राणी अंडी घालणे कमी करते आणि मग थांबवते. सातेरीची कामकरी माशी अंड्यापासून बाहेर येईपर्यंत साधारण २० दिवस जातात. त्यांतले पहिले ३ दिवस अंड्याचे आणि पुढचे सुमारे ५ दिवस उघड्या अळीचे असतात. म्हणजेच चौकटीत अंडी नाहीत, उघड्या अळ्याही नाहीत आणि केवळ झाकलेले कोष उरले आहेत, असे दिसले तर अंडी घालणे थांबून निदान आठवडा उलटला आहे आणि शेवटची माशी कोषातून बाहेर येईपर्यंत फार तर बारा दिवस हाती आहेत. माझा मुख्य प्रश्न इथेच आहे: या अवधीत वसाहतीचा बेत बदलता येतो का? दुसऱ्या वसाहतीतील उघड्या अळ्यांची चौकट दिल्यास माश्या थांबतात असे ऐकले आहे. माझ्याकडे एकच पेटी असल्याने अशी चौकट शेजारच्या गावातून आणावी लागेल, आणि तिच्यासोबत रोग येण्याची धास्ती वाटते. अळ्यांना पिशवीसारखे करून मारणाऱ्या थाई सॅकब्रूड विषाणूने १९९१-९२ पासून दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या, हे माहीत असताना कुठलीही चौकट आणून ठेवायला मन धजत नाही.

दुसरी अडचण अशी की, ही लक्षणे पाहण्यासाठी पेटी उघडावी लागते, आणि तेच मला पावसात टाळायचे आहे. अळ्या-कोषांभोवती माश्या ३३ ते ३५ अंश तापमान राखतात. झडीच्या दिवसांत झाकण काढले की त्यांचे कष्ट वाया जातात. म्हणून प्रवेशद्वारावरून अंदाज घेता येईल का, हे विचारायचे आहे. पराग हे मुख्यतः अळ्यांच्या संगोपनासाठी लागणारे अन्न असल्यामुळे उघडीप मिळताच माश्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन येत असतील, तर आत अळ्या आहेत असे मानायला हरकत नसावी. आमच्याकडे नारळ बारमाही फुलतो, पावसात लाजाळू असते, आणि मांडवावर काकडी व दोडक्याचे वेल असतात. हा पराग पुरेसा ठरतो का? आणि सलग आठवडाभर पाऊस लागून राहिला व माश्या बाहेरच पडल्या नाहीत, तर मग कशावरून ओळखावे?

मधाबाबत माझा कल स्पष्ट आहे: वरच्या कोठीतील मध यंदा काढू नये, तो त्यांच्याच पावसाळ्यासाठी ठेवावा. मात्र काही कप्पे अजून मेणाने झाकलेले नाहीत. दमट हवेत तो पातळ मध आंबेल का? साखरेचा पाक मी केवळ अखेरचा उपाय मानते, आणि द्यावाच लागला तर समप्रमाणात साखर व पाणी घेऊन संध्याकाळी पेटीच्या आत ठेवणार आहे, म्हणजे इतर माश्या लुटायला येणार नाहीत.

मेणकिड्यासाठी काळी पडलेली जुनी पोळी काढून टाकावीत आणि तळपाट साफ ठेवावा, इतके ठरले आहे. सातेरी स्वतः जुनी पोळी कुरतडून खाली पाडते. त्या चुऱ्यात किड्याची अळी वाढते. शिवाय सातेरी झाडांचा चीक आणून फटी बुजवत नसल्याने पेटीच्या सांध्यांकडे आपल्यालाच पाहावे लागते. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत.

प्रवेशद्वाराला राणी अडकेल अशी जाळी लावण्याचा सल्ला एकदोघांनी दिला. उपाशी वसाहतीला कोंडून ठेवणे मला पटत नाही. त्याने कारण दूर होत नाही आणि नर माश्याही आत अडकतात.

पुरवणी: खालच्या उत्तरांत सातेरीऐवजी मेलिफेराची पेटी घ्यावी असे सुचवले गेले आहे, म्हणून लिहिते. मधाचे उत्पन्न हा माझा हेतू नाही. शिवाय व्हरोआ माइट (मधमाश्यांच्या अंगावर व कोषांत जगणारी बारीक परजीवी कीड) ही मुळात सातेरीच्या कुळातील आशियाई माशीवरची. ती या माशीत प्रामुख्याने नरांच्या कोषांतच वाढते आणि माश्या एकमेकींच्या अंगावरून तिला काढून टाकतात. त्यामुळे सातेरीला औषधाविना ठेवता येते. मेलिफेराच्या बाबतीत ते फार अवघड आहे.

उत्तर देताना आपली पेटी किनाऱ्यालगत आहे की घाटावर, आणि जुलैमध्ये आपल्याकडे काय फुलते, एवढे कृपया कळवावे. महाबळेश्वरकडचा अनुभव आणि आमच्याकडचा पाऊस यांची तुलना करणे त्यामुळे सोपे होईल.