व्ही-क्रॉसला साइड स्टेप लावल्या, चूक केली का?

लांजेकर
गेल्या वर्षी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप सेकंडहँड घेतली. आधीचा मालक डोंगरदऱ्यांत गाडी घालणारा. त्याने साइड स्टेप, म्हणजे दाराखालच्या पायऱ्या, ब्रॅकेटसकट उतरवून ठेवल्या होत्या आणि गाडीबरोबर द्यायला विसरला (किंवा विसरल्यासारखं केलं). मला काही अडत नव्हतं. अडलं आईचं. वय ७२, दोन्ही गुडघे कुरकुरतात. पहिल्याच दिवशी दार उघडून ती आत बघत उभी राहिली आणि म्हणाली, "शिडी आणलीस काय?"

दोन गॅरेजं फिरलो. पहिला म्हणाला, दाराखालच्या पत्र्याला ड्रिल मारतो, तासाभरात मोकळे. दुसरा म्हणाला, सरळ चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) वेल्ड करतो, हत्ती उभा केलात तरी हलणार नाही. दोघांनाही नमस्कार करून घरी आलो. गाडीखाली गोणपाट टाकून टॉर्च मारला, तर आटे पाडलेली मूळ भोकं जागच्या जागी होती. त्याच मापाच्या स्टेप मागवल्या आणि चुलतभावाला धरून रविवारी बसवल्या. अडीच तास लागले. त्यातला एक तास भोकांतली लाल माती उकरण्यात गेला.

माझं मत स्पष्ट आहे. पिकअपला पायरी हवीच. तिला शोभेची वस्तू म्हणणारे बहुतेक एकटेच फिरतात. फक्त नवं भोक पाडायचं नाही आणि वेल्ड मारायचा नाही. बोला आता.

घाटवाट
बोलतो. पिकअपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, लांब, त्यामुळे बांध ओलांडताना आधी पोटच टेकतं. त्यात तुम्ही पोटाखाली आणखी नळ्या टांगल्यात. आंबोलीच्या खाली एका कच्च्या रस्त्यावर माझी स्टेप दगडावर बसली आणि वर वळली. एवढी वळली की मागचं दार उघडेना. पोरं पुढच्या सीटवरून उड्या मारून बाहेर. घरी येऊन बघतो तर ब्रॅकेटने दाराखालचा पत्रा आत दाबलेला. स्टेपचं नुकसान परवडलं, पत्र्याचं नाही.

लावायचेच तर चासीला बोल्ट होणारे, जाड नळीचे रॉक स्लायडर लावा. स्टेप माणसाचं वजन झेलते, स्लायडर गाडीचं. बाजारातल्या निम्म्या स्टेप स्लायडरसारख्या दिसतात, तिथेच लोक फसतात.

लांजेकर
घाटवाट, स्लायडर पत्र्याला चिकटून आणि उंच बसतो, म्हणून तर तो दगडाला लागत नाही. पण मग आईचा पाय तिथवर पोचणार कसा? तुमचा दगड वर्षातून चारदा येतो. माझी आई दर गुरुवारी बाजाराला येते.

वेल्डिंगवाला_सांगली
२२ वर्षं फॅब्रिकेशन करतोय, म्हणून दोन शब्द. वेल्ड नको म्हणालात ते बरोबर, पण कारण समजून घ्या. या गाड्यांची केबिन चासीवर रबरी माउंटवर बसलेली असते. खड्ड्यात केबिन वेगळी हलते, चासी वेगळी. स्टेपची एक बाजू केबिनला आणि दुसरी चासीला बांधलीत की दोघींच्या भांडणात ब्रॅकेटच तुटणार. एकीलाच धरा. आणि चासीवर कुणी बिनदिक्कत वेल्ड मारत असेल तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. तिथलं पोलाद तापून बिघडतं, तडा वेल्डच्या कडेला जातो.

बोल्टचंही तसंच. ८० किलोचा माणूस ब्रॅकेटच्या मुळापासून २० सेंटीमीटर बाहेर उभा राहिला आणि वरच्या-खालच्या बोल्टमध्ये १० सेंटीमीटर अंतर असलं, तर वरच्या बोल्टला १६० किलोची ओढ बसते. तीही तो शांत उभा असताना. उडी मारून चढला तर विचारूच नका. म्हणून पातळ पत्र्यात भोक पाडून नुसता नट लावला की सहा महिन्यांत भोकाचा लंबगोल होतो. एम-८ (८ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट टॉर्क पान्याने साधारण २५ न्यूटन-मीटरवर आवळा, त्यापेक्षा जोर लावलात तर आटे जातील. पाचशे किलोमीटर झाले की परत पाना लावून बघा.

आता स्टेनलेस स्टीलचं. गिऱ्हाईक खिशात चुंबक घेऊन येतं. चिकटला नाही की म्हणे ३०४, म्हणजे चांगल्या जातीचं. अहो, २०२ या हलक्या जातीलाही चुंबक चिकटत नाही! उलट ३०४ ची नळी वाकवली की वाकाच्या जागी किंचित ओढ लागते, मग लोक चांगला माल खोटा म्हणून परत करतात. फरक निकेलचा आहे. ३०४ मध्ये ८ टक्क्यांच्या पुढे, २०२ मध्ये ४ ते ६. समुद्राकाठी २०२ वर चहा सांडल्यासारखे डाग पडतात, पहिल्यांदा वेल्डजवळ. लांज्याला समुद्र तसा लांब, पण मुंबईवाल्यांनी लक्ष द्या.

पाटलीणबाई
सगळे पुरुष चढण्यावर बोलताय, उतरण्याचं कुणीच बोलेना. साडी नेसून पिकअपमधून उतरून बघा एकदा. स्टेप बाहेर आलेली असते, म्हणजे पाय तिच्यावरून लांब टाकावा लागतो, आणि पावसाळ्यात तिच्या कडेचा सगळा चिखल पोटरीला आणि निऱ्यांना. आमच्या ह्यांनी गोल चकचकीत नळी लावली होती. ओल्या चपलेने त्यावर पाय ठेवला आणि सटकून दाराला लोंबकळले. तेव्हापासून मी त्या पायरीला पाय लावत नाही.

पायरीपेक्षा हाताला धरायला मूठ आहे का ते बघा. पुढच्या सीटला काचेच्या खांबावर बहुतेक असते. आणि पायरी लावायची तर सपाट, खरखरीत, निदान अर्धं पाऊल मावेल एवढी रुंद. टाच अधांतरी राहिली तर गुडघ्याला कसला आराम?

लांजेकर
ताई, हा मुद्दा कबूल. आमची स्टेप लंबगोल नळीची आहे, वर प्लॅस्टिकचे दोन तुकडे. ते तुकडे नेमके आईचा पाय पडतो तिथे नाहीत, दोन इंच मागे आहेत.

कॅम्परवाला
आमची बोलेरो कॅम्पर, द्राक्षाच्या हंगामात निफाड भागात फिरते. मी फुटस्टेप काढून टाकल्या. कारण दगड नाही, माणसं. उभं राहायला जागा दिसली की माणूस उभा राहतोच. बागेतून डांबरीवर येईपर्यंत दोघं बाहेर लटकलेले, आणि ड्रायव्हर म्हणतो "एवढंच तर जायचंय". मी दहादा ओरडलो, शेवटी पाना घेतला. आता केबिनमध्ये बसतात नाहीतर चालत येतात.

घाटवाट
+१. हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आरसी_बुक
कुणीतरी कायद्याचं बोला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने गाडीच्या पुढे लावायच्या बुलबार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. उद्या स्टेपसाठी पावती फाडली म्हणजे?

वेल्डिंगवाला_सांगली
दादा, बुलबार पुढे असतो. पादचाऱ्याला लागतो आणि अपघातात धक्का शोषला जाण्याच्या आड येतो, म्हणून तो गेला. कंपनीनेच भोकं ठेवलेली पायरी आणि तो, एका पारड्यात कसे तोलता? मात्र स्टेप चाकाच्या कमानीबाहेर येऊ देऊ नका. कायद्यापेक्षा गल्लीतल्या स्कूटरवाल्याच्या नडगीसाठी सांगतोय.

लांजेकर
शेवटचं अपडेट. काल पुन्हा गाडीखाली शिरलो. घाटवाट, पत्रा शाबूत आहे. पण ब्रॅकेटच्या मागे मुठीएवढा मातीचा गोळा बसला होता आणि त्याने पत्र्याचं पाणी निचरायचं भोक बुजवलं होतं. ते कुणीच सांगितलं नव्हतं. आता गाडी धुताना पाइप आधी तिथे.

उजवी स्टेप उतरवली. त्या बाजूने मीच चढतो, मला तिची गरज नाही. डावी ठेवली. प्लॅस्टिकचे तुकडे सोडवून दोन इंच पुढे घेतले, मधल्या नळीवर सॅंडपेपरसारखी खरखरीत पट्टी चिकटवली. दाराच्या खांबावरची मूठ आईला दाखवली. म्हणाली, "ही होती तर आधी का नाही सांगितलंस?"

चुलतभाऊ म्हणतो गाडी लंगडी दिसते. दिसू दे.

कॅम्परवाला
उजवी विकायची का?