गच्चीवर इन्फिनिटी पूल, स्लॅब झेपेल का?

प्रश्न (ताराबाई पार्क, कोल्हापूर): दुमजली आरसीसी घर आहे. गच्चीवर ६ × ३ मीटर, १.२ मीटर खोल पूल करायचाय, पाणी सतत सांडणारी कड पन्हाळगडाच्या बाजूला. कंत्राटदार म्हणतो, स्लॅबवरच विटा बांधून वॉटरप्रूफिंग मारू. चालेल?

उत्तर १: अजिबात नको. नुसतं पाणीच २१.६ टन, म्हणजे चौरस मीटरला १२०० किलो. घराच्या गच्चीला वापराचा भार धरतात साधारण १५०. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कॉलम आणि पाया तपासून घ्या. झेपत असेल तर आरसीसी टाकी वेगळ्या बीमवर, स्लॅबपासून दोन फूट उचलून. गळती खालून दिसते, पाइपही हाताशी राहतात. टाइल लावण्याआधी आठवडाभर भरून ठेवा. पुलाच्या पायरीवर पाण्याची बादली ठेवायची. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळतोय, नाहीतर उन्हाने नुसती वाफ होतेय.

उत्तर २: भावा, खरा खेळ कडेच्या लेव्हलचा. ६ मीटर कडेवरून ५ मिमीचा थर सांडायला पंप तासाला १४,००० लिटरच्या आसपास लागतो. एक टोक तेवढंच खाली गेलं की बहुतेक पाणी त्याच बाजूने पडणार.

प्रश्नकर्ता: आणि सांडलेलं पाणी जमा करणारी खालची बॅलन्स टाकी किती मोठी?

उत्तर २: चार माणसं उतरली की ३०० लिटर बाहेर, पंप बंद केल्यावर आणखी ९०, शिवाय कडेखाली सांडणारं पाणी झेलणाऱ्या पन्हळीतलं. दीड-दोन हजार लिटरची घ्या. टाकीतलं जादा पाणी काढणारा ओव्हरफ्लो पाइप मोठा ठेवा, १०० मिमी पावसात नुसत्या पुलावरच १८०० लिटर पडतं. कठडा पन्हळीच्या बाहेर हवाच.