क्षयाचा वॉर्डवार नकाशा: एफ दक्षिण एवढा लाल कसा?

आकडेबाई
मुंबईतल्या एका छोट्या संस्थेत आकड्यांचं काम बघते. सध्या शहराचा इंटरॅक्टिव्ह नकाशा करतेय. वॉर्डावर टिचकी मारली की क्षयाने झालेले मृत्यू, लोकसंख्या आणि लाखामागचा दर दिसतो. माझ्या फाइलमध्ये 24 वॉर्ड आहेत, मृत्यूचे आकडे नोंदणीतले, लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची.
काल रात्री रंग भरले, तर एफ दक्षिण, म्हणजे आपलं परळ-शिवडी, मिरचीसारखं लाल! आणि गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व फिकट गुलाबी. महापालिकेच्या 2009 च्या मानव विकास अहवालात हाच एम पूर्व 0.05 निर्देशांकासह सगळ्यांत तळाला होता. सूत्र तीनदा तपासलं. मंगळवारी सरांना दाखवायचंय. कुठे चुकतंय?

शिवडीकर
ताई, शिवडीत काय आहे ते आठवा की. क्षयरोग रुग्णालय! 1969 च्या कायद्याने मृत्यूची नोंद होते ती माणूस जिथे गेला तिथे, राहतो तिथे नाही. गोवंडीचा पेशंट शिवडीत वारला की आकडा एफ दक्षिणच्या खात्यात. शिवाय केईएम आणि टाटाही याच वॉर्डात. म्हणजे अंशात अख्खी मुंबई आणि छेदात आमची साडेतीन लाखांच्या आसपासची वस्ती.
दुरुस्त केल्याशिवाय जाहीर करू नका, ही विनंती. बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत "तुमच्याकडे क्षय फार, ना?" असं विचारलेलं मी कानाने ऐकलंय.

आकडेबाई
कपाळावर हात मारला. मग नोंदीतला 'कायमचा पत्ता' घेऊ का?

शिवडीकर
तो तर मुळीच नको. कायमचा पत्ता विचारला की माणूस गावचा सांगतो. अर्धी गिरणगावची चाळ तुम्हाला रत्नागिरीत सापडेल. मृत्यूच्या वेळचा राहता पत्ता घ्या. आणि एका वर्षावर विसंबू नका, तीन वर्षांची बेरीज करा. छोट्या वॉर्डात दोन-चार मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी रंग पालटतो.

वस्तीताई
मी एम पूर्वमध्येच घरोघरी फिरते. राहत्या पत्त्याने आमचा वॉर्ड गडद होईल, पण याच वॉर्डात अणुशक्तीनगरची झाडांची कॉलनीही आहे आणि बैंगनवाडीही. आठ लाखांवर माणसं, रंग एकच! पुनर्वसनाच्या एका इमारतीत मी थुंकीची डबी द्यायला जाते. भर दुपारी बारा वाजता तळमजल्यावर डबीवरचं नाव वाचायला मोबाइलचा टॉर्च लावते. दोन इमारतींमध्ये अंतर इतकं कमी, की समोरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. हे वॉर्डाच्या सरासरीत कुठून दिसणार?
म्हणून कोणी इमारतीवर ठिपके टाकायला सांगेल, तर टाकू नका. आमच्याकडच्या एकीचा आजार मजल्यावर कळला आणि तिची धुण्याभांड्याची दोन घरं सुटली. त्यानंतर तिथल्या बायका पत्ता माहेरचा नाहीतर नणंदेचा देतात. तुमच्या यादीतला कुर्ल्याचा पेशंट कदाचित आमच्याच जिन्यात राहतो.

आकडेबाई
दोघांचेही आभार. राहत्या पत्त्यावर नोंदी पुन्हा लावल्या, तीन वर्षं एकत्र केली. एफ दक्षिणचा लाल बराच उतरला, एम पूर्व चढला. झूम वॉर्डावरच अडवलंय. एम पूर्ववर टिचकी मारली की आता आधी एक ओळ येते: 'या वॉर्डात अणुशक्तीनगर आणि बैंगनवाडी दोन्ही आहेत.'
नुसतं 'मुंबई' किंवा 'झोपडपट्टी, रेल्वेलाइनजवळ' एवढाच पत्ता असलेल्या नोंदी उरल्यात. त्यांचा कोपऱ्यात वेगळा राखाडी चौकोन केलाय. सर म्हणाले, तो काढ, नकाशा स्वच्छ दिसेल. मी अजून काढलेला नाही. वस्तीताई, रेल्वेलाइनजवळच्यांना तुम्ही शोधता तरी कसं?

वस्तीताई
किराणा दुकानदाराला विचारून. उधारीच्या वहीत सगळ्यांचे खरे पत्ते असतात.